पवनाकांठचें अन्न : जातें, गिरणी व शिधापत्रिका

(१) विषयप्रवेश

महाराष्ट्राच्या इतिहासाचीं साधनें गोळा करण्याचा उद्योग गेलीं शंभराहून अधिक वर्षें चालला आहे, व त्याचें मोल सर्वश्रुत आहे. सनदा, महजर, निवाडे, वतनांचे तंटे, स्वाऱ्यांच्या बातम्या हे कागद पेटाऱ्यांतून बाहेर आले, वाचले गेले, छापले गेले. परंतु ज्या रयतेच्या श्रमावर हा सारा राज्यव्यवहार उभा होता ती रयत रोज काय खात होती, तें अन्न कोण दळीत व कोण कांडीत होतें, आणि तें बदललें तें केव्हां व कशामुळें, या प्रश्नांकडे आमच्या संग्राहकांचें लक्ष अद्याप पुरतें गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नांचा एका मर्यादित टापूपुरता विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा टापू म्हणजे पवना व इंद्रायणी यांच्या कांठचा आणि उत्तरेस चाकणच्या माळापर्यंतचा प्रदेश. इतिहासाभ्यासकांस तो परका नाहीं. चिंचवडच्या देवांच्या घराण्यास निरनिराळ्या राजवटींनीं दिलेल्या सनदा विश्रुत असून त्या घराण्यावर लॉरेन्स प्रेस्टन यांनीं इ. स. १९८९ मध्यें स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यानें इ. स. १६६० मध्यें शाएस्तेखानाविरुद्ध सुमारें दोन महिने लढविला, ही हकीकत शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. याच टापूंत १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ मध्यें स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळानें पुढें येथें कारखान्यांसाठीं जमिनी घेतल्या. १९७० मध्यें पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकांत मोटारींचे मोठे कारखाने चाकणच्या माळावर येऊन बसले. एका माणसाच्या आयुष्याच्या अवधींत भाकरीचा मुलूख उपाहारगृहांचा मुलूख बनला.

अलीकडे या भागांतील वैद्य व डॉक्टर रोग्यांस सांगतात कीं मैदा, पॉलिश केलेला तांदूळ, साखर व कारखान्यांतील तयार पदार्थ कमी करावे आणि अखंड धान्याची भाकरी, डाळी, भाजीपाला यांवर भर द्यावा. या उपदेशाशीं आमचा वाद नाहीं. मात्र त्यास जोडून एक ऐतिहासिक विधान वारंवार केलें जातें, तें असें : आमचे पूर्वज समजून-उमजून सकस अन्न निवडीत असत, आणि त्यांचीं नातवंडें तें शहाणपण विसरलीं. हें विधान कागदावर उतरतें काय, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

(२) धान्याच्या नांवांचा इतिहास

धान्याची प्रतिष्ठा त्याच्या नांवांत दडलेली असते. चरकानें आहारद्रव्यांचे वर्ग लावतांना शूकधान्य व शमीधान्य असे भेद केले, व भातांमध्यें रक्तशालीस श्रेष्ठ मानलें. सुश्रुतानें कोद्रव, श्यामाक इत्यादि धान्यांचा एक निराळा वर्ग केला व त्यास ‘कुधान्य’ असें नांव दिलें. त्या शब्दांतील ‘कु’ वैद्यकीय गुणदोषांबरोबरच सामाजिक पायरीहि सुचवितो, असें मानण्यास जागा आहे. पुढें सरकारी कागदांत ज्वारी, बाजरी, नाचणी हीं ‘भरडधान्यें’ ठरलीं. इ. स. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमांत शिधापत्रिकेवरील दर ठरविले गेले ते असे : तांदूळ किलोस ३ रुपये, गहूं २ रुपये व भरडधान्य १ रुपया. म्हणजे एकविसाव्या शतकांतील कायद्यांतहि हें धान्य शेवटच्याच पायरीवर बसलें. जानेवारी २०२३ पासून हें सर्वच धान्य मोफत करण्यांत आलें, हा भाग वेगळा.

याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. इ. स. २०१८ मध्यें केंद्र सरकारनें याच धान्यांस ‘पौष्टिक तृणधान्य’ असें नवें नांव दिलें, व २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें तृणधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. कुधान्य, भरडधान्य, पौष्टिक तृणधान्य : दाणा तोच, नांवें तीन. दाण्याचे गुण बदलले नाहींत. त्याच्याकडे पाहणाऱ्याची दृष्टि बदलली. हा दृष्टिबदल ध्यानांत ठेवल्यावांचून जुने कागद वाचूं लागल्यास फसगत होते.

(३) पोथ्या कोणाचें अन्न सांगतात?

आहाराविषयींच्या जुन्या पोथ्या आपणांकडे थोड्या नाहींत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत गहूं धुऊन, वाळवून, दळून व बारीक चाळून त्याच्या पिठाचे मांडे करण्याची रीत दिली आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयास राहिलेल्या रघुनाथ नवहस्ताचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १६७५ ते १७०० या दरम्यानचा ठरविला. ग्रंथ संस्कृत असला तरी पदार्थांचीं देशी नांवें त्यांत आलीं असल्यामुळें मराठी अन्नेतिहासास तो फार उपयोगी आहे. पेशवाईंतील सवाई माधवरावांच्या लग्नप्रसंगींची, पंक्तीची व्यवस्था बारकाईनें सांगणारी याद तर सर्व संग्राहकांच्या परिचयाची आहे.

हीं साधनें मौल्यवान आहेत. पण तीं राजवाड्याचीं आहेत. त्यांवरून एक गोष्ट मात्र निर्विवाद सिद्ध होते, ती ही कीं धान्याचा कोंडा काढून तें मऊ, पांढरें व नाजूक करण्याची हौस इंग्रजांनीं किंवा कारखान्यांनीं आणलेली नाहीं. चाळणी कारखान्याहून फार जुनी आहे. मांडे, रवा, मैदा, पिठी साखर व सडून शुभ्र केलेला तांदूळ हीं ऐश्वर्याचीं चिन्हें होतीं, व ज्याला परवडे तो तीं घरीं आणी. श्रीमंतांस कोंडा टाकून देणें परवडत होतें. गरिबांस परवडत नव्हतें.

याची साक्ष भाषाहि देते. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण, किंवा ‘कोंड्याचा मांडा करणें’ हा वाक्प्रचार पाहावा. पहिल्या म्हणींत कोंडा हें भुकेच्या अखेरच्या गरजेचें अन्न आहे. दुसऱ्या वाक्प्रचारांत कोंडा व मांडा हीं अन्नाच्या शिडीचीं दोन टोकें आहेत. कोंड्यांत पोषण आहे अशी समजूत असती तर या म्हणी अशा घडल्या नसत्या. तेव्हां पूर्वजांनीं कोंडा ‘निवडला’ हें विधान भाषेच्या पुराव्यावरच डळमळीत होतें.

(४) कुणब्याच्या घरचें अन्न

राजवाडा सोडून गांवांत शिरलें म्हणजे साधनें विरळ होतात, परंतु अगदींच नाहींत असें नाहीं. पेशवाई बुडाल्यानंतर दोनच वर्षांनीं, इ. स. १८२० मध्यें, डॉक्टर टॉमस कोट्स यांनीं पुण्याच्या पूर्वेकडील लोणी गांवाचा वृत्तांत लिहिला. तो १८२३ मध्यें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापला गेला. याच गांवाची, म्हणजे लोणीकंदची, पुन्हां पाहणी करून गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९६० मध्यें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरचे तीन भाग १८८५ मध्यें निघाले. त्यांत जातवार आहाराची माहिती आहे. या सर्वांतून दिसणारें चित्र एकसारखें आहे : ज्वारी-बाजरीची भाकर, डाळ किंवा कालवण, कांदा, मिरची, रानची भाजी, तांदूळ व गहूं सणावाराला.

भूगोल या चित्राशीं जुळतो. पवनेच्या उगमाकडे मावळांत पाऊस भरपूर, म्हणून तेथें भात, आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. नदी जसजशी खालीं हवेलीच्या माळाकडे येते तसतसा पाऊस कमी होतो व बाजरी-ज्वारीचें राज्य सुरू होतें. खेड-चाकणकडेहि तोच प्रकार. तेल करडईचें व भुईमुगाचें, गांवच्या घाण्यावरचें. गोडासाठीं गुऱ्हाळाचा गूळ.

आतां मुद्दा असा कीं हें सर्व अन्न अखंड राहिलें तें कोणत्या कारणानें? याचें उत्तर स्वयंपाकघरांतील हत्यारांत आहे. जात्यावर दळलेलें पीठ दाण्याचे सर्व भाग घेऊनच बाहेर पडतें. टरफल, अंकुर व गाभा वेगळे करण्याची सोय जात्यांत नाहीं. उखळांत मुसळानें कांडलेल्या तांदळावरील कोंड्याचा थर पुरता निघत नाहीं. तो पुरता काढावयाचा तर कांडणारीच्या दंडांस आणखी श्रम. दुसरी गोष्ट पिठाच्या टिकण्याची. बाजरीच्या अंकुरांत तेलाचा अंश असल्यामुळें तिचें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें. म्हणून पीठ दळून साठवितां येत नसे. भाकरीपुरतें दळण रोज पहाटे काढावें लागे. सारांश, जातें चुलीपासून चार पावलांवर होतें म्हणून अन्न अखंड व ताजें होतें. हा आमच्या विवेचनाचा मुख्य दुवा आहे, व पुढील सर्व बदल याच अंतराच्या मापानें मोजतां येतात.

(५) सकस, पण पोटभर नव्हे

येथें आणखी एका भ्रमाचें निरसन केलें पाहिजे. अन्न अखंड होतें म्हणजे तें पुरेसें होतें असें नव्हे. इ. स. १८७६-७८ च्या दुष्काळांत रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें दुष्काळी कामावरील मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे या मानावर आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं काम सोडलें व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. त्या मजुरांची तक्रार धान्याच्या मापाची होती. पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० हे दुष्काळहि याच रयतेनें सोसले.

आमच्या टापूपुरता तर याहून नेमका पुरावा उपलब्ध आहे, व तो फारसा कोणाच्या ध्यानांत नाहीं म्हणून येथें मुद्दाम मांडतों. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हेरॉल्ड मॅन यांनीं १९१७ मध्यें दख्खनमधील एका खेड्याची पाहणी प्रसिद्ध केली. हिंदुस्थानांतील ग्रामपाहणीच्या शास्त्रांत हा ग्रंथ आद्य गणला जातो. तें खेडें पिंपळें सौदागर होय, जें आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत उंच इमारतींनीं भरून गेलें आहे. मॅन यांनीं जुन्या कागदांवरून या गांवच्या सरासरी धारणक्षेत्राचा क्रम लावला तो असा : १७७१ मध्यें ४० एकर, १८१८ मध्यें १७॥ एकर, १८२० ते १८४० या काळांत १४ एकर, व १९१४-१५ मध्यें अवघे ७ एकर. कुटुंबास अन्नवस्त्रासाठीं कमींत कमी किती लागतें याचा हिशेब करून त्यांनीं असें दाखविलें कीं बहुसंख्य कुटुंबांस केवळ शेतावर तेवढेंहि मिळत नव्हतें. पुणें शहर व खडकीचा, १८६९ मध्यें निघालेला, दारूगोळ्याचा कारखाना जवळ असल्यामुळें बाहेरच्या मजुरीचा आधार घ्यावा लागे.

म्हणजे कारखान्याकडची वाट पवनाकांठच्या कुणब्यानें १९५४ नंतर धरली असें नसून तिचा आरंभ त्याआधीं दोन पिढ्या झाला होता, व तिच्या मुळाशीं जमिनीचे तुकडे होते. भाकरी सोडून पाव धरण्याची हौस हें त्याचें कारण नव्हे. जो इतिहासकार आहारबदलास केवळ नैतिक अधःपात समजतो त्यानें या चार आंकड्यांचें उत्तर द्यावें.

(६) तीन बदल, जे एक समजले जातात

आहार बिघडला असें म्हणतांना तीन निराळे बदल एकत्र कालविले जातात. ते वेगळे करणें हें आमच्या मतें या विषयाचें पहिलें कर्तव्य आहे.

पहिला बदल जात्याकडून गिरणीकडे. विसाव्या शतकांत प्रथम तेलाच्या इंजिनावर व मागाहून विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गांवोगांव आल्या. यांत पिठाचें नुकसान झालें नाहीं असें जवळजवळ म्हणतां येईल, कारण गल्लींतील गिरणी घरच्या डब्यांतील दाणा जसाच्या तसा दळून देते. कोंडा काढावयाचा कीं नाहीं हें घरच्या चाळणीनें ठरतें. बदललें तें श्रमाचें ओझें. पहाटेच्या अंधारांत बायकांनीं ओढलेलें जातें थांबलें. त्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं पुणें जिल्ह्यापासून आरंभ करून एक लाखाहून अधिक संख्येनें गोळा केल्या. स्त्रियांच्या श्रमाचा एवढा मोठा मौखिक दप्तरखाना अन्यत्र क्वचितच असेल, आणि संग्राहकांनीं त्यास मोडी रुमालांइतकाच मान दिला पाहिजे. जुन्या अन्नाची थोरवी गातांना तें कोणाच्या दंडांवर उभें होतें याची आठवण त्या ओव्या करून देतात. जात्याकडे परत चला म्हणणाऱ्यानें खुंटा कोणी धरावयाचा हेंहि सांगावें.

दुसरा बदल धान्याचा. याचा कर्ता शिधावाटप होय. मुंबईंत १९४३ मध्यें रेशनिंग सुरू झालें व तेथून शिधापत्रिका ही घरोघरची वस्तु बनली. १९५६ पासून अमेरिकेच्या पब्लिक लॉ ४८० खालीं गहूं येऊं लागला; १९६६ च्या टंचाईच्या वर्षीं देशांतील एकंदर धान्याची आयात एक कोटि टनांवर गेली. त्याच काळांतील लाल ‘मिलो’ ज्वारी व १९७२ च्या दुष्काळांत वांटलेली ‘सुकडी’ यांच्या आठवणी जुन्या माणसांकडून आजहि ऐकूं येतात. १९६५ मध्यें स्थापन झालेल्या अन्न महामंडळाच्या खरेदींत गहूं व तांदूळ यांचाच भरणा राहिला. ज्या दुकानांत स्वस्त धान्य मिळतें त्या दुकानांत जें नाहीं तें कालांतरानें ताटांतूनहि जातें. शिवाय पिंपरीस फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली, व पुढें कारखान्यांसाठीं देशावरून, मराठवाड्यांतून, खानदेशांतून व परप्रांतांतूनहि कामगार आले. अशा मिश्र वस्तींत पोळी ही समाईक भाषा झाली. बाजरीची भाकरी थापण्याचें कौशल्य मात्र ज्याच्या त्याच्या गांवीं राहिलें. गव्हाच्या अखंड कणकेची पोळी हें वाईट अन्न नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. धान्य बदललें म्हणजे अखंडपणा गेला असें होत नाहीं.

तिसरा बदल खरा विचार करण्याजोगा आहे. तो म्हणजे दाणा दळण्याचें, सडण्याचें व शिजविण्याचें काम घर व गल्ली सोडून दूरच्या कारखान्याकडे जाणें. पोलादी रुळांच्या गिरणींत गव्हाचा कोंडा व अंकुर बाजूला निघून शंभर भागांतील सुमारें ७० ते ७५ भाग मैदा होतो. हा मैदा टिकतो, कारण खवट होणारा तेलाचा अंश त्यांत राहत नाहीं. दूर पाठवावयाच्या व फळीवर महिनेच्या महिने राहणाऱ्या मालास हेंच हवें असतें. पॉलिशच्या तांदळाचें तसेंच. तेलाच्या जागीं वनस्पति तूप आलें. डालडा हें नांव १९३७ पासून बाजारांत आहे. गुळाच्या जागीं साखर आली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा, व त्यामागून सहकारी साखरेचें युगच महाराष्ट्रांत सुरू झालें. या चारहि पदार्थांचा मोठा गुण टिकाऊपणा हा असून तो व्यापाऱ्याच्या सोयीचा गुण आहे.

कामगाराच्या दिवसाचें वेळापत्रकहि या बदलास पोषक ठरलें. तीन पाळ्यांच्या कारखान्यांत एकट्या राहणाऱ्या पुरुषाचें जेवण खानावळींत, न्याहारी चहा-बिस्किटांची किंवा पाववड्याची. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४६ व्या कलमानें २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस उपाहारगृह ठेवण्याचें बंधन घालण्याची तजवीज केली. हा हक्काचा मोठा लाभ होता. मात्र कायद्यानें उपाहारगृह दिलें तरी त्यांतील पीठ कसें असावें हें तेथील ठेकेदाराच्या व व्यवस्थापक मंडळाच्या हातीं राहिलें. भाकरी हजार माणसांसाठीं थापणें अवघड. पुऱ्या, पाव व पांढरा भात सोपे.

(७) शास्त्राची साक्ष व तिची मर्यादा

अखंड धान्याचें महत्त्व शास्त्रानें ओळखलें तें याच सुमारास, आणि तेंहि उलट वाटेनें. डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांनीं १८९७ च्या सुमारास जावा बेटांत दाखविलें कीं सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर राहणाऱ्यांस बेरीबेरी होतो व कोंड्यासह तांदूळ दिल्यास तो टळतो. १९२९ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांस चारून पाहिले. अखंड गव्हाची कणीक, दूध, डाळ व भाजी यांच्या आहारावर उंदीर सर्वांत चांगले वाढले. महाराष्ट्रांत या ज्ञानास चळवळीचें रूप वर्ध्यास आलें. डिसेंबर १९३४ मध्यें स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें जो. का. कुमारप्पा यांच्या चालकत्वाखालीं हातसडीचा तांदूळ, जात्याचें पीठ, घाण्याचें तेल व गूळ यांचा प्रचार केला. मगनवाडींत १९३८ मध्यें उघडलेलें संग्रहालय त्याची साक्ष आहे. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं कुमारप्पांचा युक्तिवाद आरोग्यापुरता नव्हता. दळण-कांडण गांवांत राहिलें तर मजुरीहि गांवांत राहते, हा त्याचा दुसरा पाय होता.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवरून पाहतां १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेंत तंतुमय अंश सुमारें ११ ग्रॅम असतो, तर मैद्यांत ३ ग्रॅमहूनहि कमी. बाजरी व नाचणी ११ ग्रॅमच्या आसपास, ज्वारी १० च्या, आणि गिरणींत सडलेला पांढरा तांदूळ ३ ग्रॅमच्या आंत. म्हणजे फरक गहूं व बाजरी यांत तितका नाहीं, जितका कणीक व मैदा यांत आहे. आमचें वरील तीन बदलांचें पृथक्करण या आंकड्यांशीं जुळतें : दुसऱ्या बदलानें फारसें गेलें नाहीं, तिसऱ्यानें गेलें.

तथापि भाकरीचें दैवत करणेंहि इतिहासास धरून नाहीं. हैदराबादच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेंतील गोपालन व श्रीकांतिया यांनीं १९६० मध्यें दाखविलें कीं मुख्यत्वें ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांस पेलाग्रा हा रोग होतो. गूळहि मुख्यत्वें साखरच होय. एकट्या धान्यानें शरीर तगत नाहीं. डाळ, दूध, भाजी व फळ यांची जोड लागते. जुन्या कुणब्याच्या ताटांत हीच जोड अनेकदां तोकडी पडे.

(८) निष्कर्ष व विनंति

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. पवनाकांठच्या रयतेनें अखंड अन्न निवडलें नव्हतें. तें तिच्या हत्यारांनीं व दारिद्र्यानें तिला दिलें होतें. निवड करण्याची ऐपत ज्यांस होती त्यांनीं बहुधा कोंडा टाकला. आज या टापूंतील कामगारास व नोकरदारास प्रथमच खरीखुरी निवड करतां येण्याजोगी स्थिति आली आहे, आणि ती निवड आईच्या दंडांवर न लादतां करतां येते, कारण गल्लींतील पिठाची गिरणी अद्याप चालू आहे. जातें व कारखाना यांच्या मधली ही संस्था आहे. दाणा आपला, दळण आपल्या डोळ्यांसमोर, पीठ ताजें, श्रम यंत्राचे. वैद्यांचा उपदेश आचरणांत यावयाचा असेल तर तो याच दारांतून येईल. पूर्वजांचें अनुकरण करा असें आम्हांस म्हणवत नाहीं; पूर्वजांस जें सक्तीनें मिळालें त्यांतील चांगला अंश आपण समजून घ्यावा, एवढेंच म्हणतों.

संग्राहकांस मात्र आमची आग्रहाची विनंति आहे. या टापूंतील जुने वाडे व चौसोप्या झपाट्यानें पाडल्या जात आहेत. जमीन विकली कीं घर पडतें, घर पडलें कीं माळ्यावरचे रुमाल रद्दींत जातात, व जातें अंगणाच्या फरशींत बसतें. ताम्रपट वा राजमुद्रेची सनद कोणी तरी उचलून ठेवतो. घरखर्चाची वही, लग्नाच्या शिध्याची यादी, बलुत्याच्या धान्याचा हिशेब, वाण्याच्या दुकानचें खातें, घाण्याच्या तेलाची नोंद, शिधापत्रिका, गिरणीची दळणाची वही, कामगारांच्या खानावळीचें मासिक दरपत्रक व कारखान्याच्या उपाहारगृहाची आठवड्याची यादी यांस कोणी विचारीत नाहीं. मॅन यांस १७७१ च्या धारणक्षेत्राचा आंकडा देतां आला तो केवळ जुने हिशेब कोणी तरी जपून ठेवले होते म्हणून. आजपासून दीडशें वर्षांनीं चाकण-पिंपरीच्या कामगारानें काय खाल्लें असें कोणी विचारील, तेव्हां त्याच्या हातीं असेच हिशेब लागले पाहिजेत.

म्हणून ज्यांच्या घरीं वा संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते क्षुद्र समजून टाकूं नयेत. तारीख, गांव, घराण्याचा व्यवसाय व वजनमापांचीं त्या वेळचीं परिमाणें, म्हणजे पायली, शेर, मण कीं किलो, एवढी टीप जोडून त्यांची नक्कल करून ठेवावी. शक्य तेथें मूळ कागद एखाद्या संशोधनसंस्थेच्या दप्तरांत द्यावा. जातीं व उखळें जमा करतांना तीं कोणाच्या घरचीं, त्यांवर कोणतें धान्य दळलें वा कांडलें जाई व शेवटचें दळण सुमारें कोणत्या वर्षीं झालें, हेंहि लिहून घ्यावें. जात्यापाशीं बसलेल्या ज्या स्त्रिया आज हयात आहेत त्यांची साक्ष तर विलंब न करतां घेतली पाहिजे. कागदाची नक्कल मागाहूनहि करतां येईल. या साक्षीची येणार नाहीं.